वस्तीत तिकिटाचं अ‍ॅप शिकवायच्या आधी हे बघून घ्या

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही गोवंडीत राहता, आई आणि आजूबाजूच्या बायका चेंबूर, घाटकोपर, पवईकडे घरकामाला जातात, बस, लोकल, मेट्रो तिन्ही वापरतात, आणि तिकिटं मोबाइलवर गेल्यापासून या बायका मागे पडतायत असं तुम्हाला वाटतंय. म्हणून समाजमंदिरात रविवारी दोन तासांचा वर्ग सुरू केलात, पहिल्या रविवारी हॉल भरला, दुसऱ्याला मोजक्याच आल्या, आणि आता विचारताय की दोन तासांत नेमकं काय शिकवू म्हणजे त्या टिकतील.

मी मुंबईत बरीच वर्षं हेच काम करते. स्टेशनाबाहेर, बस डेपोबाहेर मदतीचं टेबल लावायचं, प्रवाशांशी बोलायचं, त्यांच्या अडचणी लिहून काढायच्या आणि मग त्या घेऊन अधिकाऱ्यांकडे जायचं. त्या अनुभवावरून सांगते, वर्ग बंद करू नका पण अ‍ॅपपासून सुरुवातही करू नका. "अ‍ॅप येत नाही" या एका वाक्याखाली पाच वेगवेगळ्या अडचणी लपलेल्या असतात आणि त्यातल्या बहुतेक शिकवून सुटत नाहीत. बायका दुसऱ्या रविवारी आल्या नाहीत याचा अर्थ त्यांना रस नाही असा लावू नका. बहुधा पहिल्या रविवारी घरी गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं असणार की शिकलो ते आपल्याला वापरताच येणार नाही.

पहिली अडचण, फोन स्वतःचा नसतो. घरात एक बरा फोन असतो, तो मुलगा नाहीतर नवरा घेऊन जातो, बाईकडे बटणाचा फोन नाहीतर काच फुटलेला जुना. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या देशभरात साधारण ५४ टक्के निघाल्या, आणि इंटरनेट कधीतरी एकदा तरी वापरलेल्या ३३ टक्के. त्यानंतर फोन वाढलेत हे खरं, मुंबईत तर नक्कीच, पण "घरात स्मार्टफोन आहे का" असं विचारलं की उत्तर हो येतं आणि "सकाळी सहाला बस पकडताना तो तुमच्या हातात असतो का" असं विचारलं की उत्तर बदलतं. दुसरा प्रश्न विचारा. कायम दुसराच विचारा.

दुसरी अडचण रिचार्जची. २८ दिवसांचा प्लॅन संपला आणि पगार ५ तारखेला, तर मधले चार-पाच दिवस फोन आहे पण नेट नाही. म्हणजे बाई महिन्यातले काही दिवस डिजिटल असते आणि काही दिवस नसते. तिसरी म्हणजे बँक. खातं असतं पण त्याला जोडलेला नंबर जुना, नाहीतर मुलाचा, ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तो कामावर. चौथी वाचण्याची. इंग्रजी तर सोडाच, मराठीसुद्धा बारीक अक्षरात भरभर सरकणारी वाचता येत नाही, चष्मा नसतो. आणि पाचवी भीतीची, जिला आपण शिकलेली माणसं फार कमी लेखतो. ९ मे २०२५ पासून बेस्टचं साध्या बसचं किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं, एसीचं ६ वरून १२. आता समजा यूपीआयने पैसे गेले आणि तिकीट आलं नाही, तर तिला पुन्हा १० रोख द्यावे लागतात, आधीचे परत येतील की नाही ते माहीत नसतं आणि कोणाला विचारायचं तेही माहीत नसतं. एकदा असं झालेली बाई परत त्या वाटेला जात नाही. आणि मला विचाराल तर तिचा निर्णय बरोबर असतो, ती आपल्या पैशांचा हिशोब आपल्यापेक्षा नीट करत असते.

आता कोणाला काय सांगायचं ते यातली कुठली अडचण आहे त्यावर अवलंबून आहे, त्यामुळे सगळ्यांना एकच धडा देता येत नाही. माझी पद्धत अशी आहे की आधी प्रत्येकीला कालचा प्रवास सांगायला लावते. घरातून किती वाजता निघालात, पहिलं तिकीट कुठे काढलं, पैसे कसे दिले, रांग किती होती, कुठे थांबावं लागलं, परत येताना काय. फक्त कालचा. "साधारणपणे काय करता" असं विचारलं तर लोक आपल्याला बरं वाटेल ते सांगतात, कालचं विचारलं तर खरं बाहेर येतं. एकीशी दहा मिनिटं बोललात की नेमकं कुठे अडतंय ते समोर येतं.

आणि बहुतेक वेळा अडतं ते तिकिटावर नाहीच. उदाहरण देते. चेंबूरच्या बाजूला थांब्यावर एक मावशी भेटल्या, धुणीभांडी करतात, फोन बटणाचा. त्यांची नेहमीची बस पंधरा दिवसांपासून त्या थांब्यावर येतच नव्हती, रस्त्याचं काम निघालं म्हणून मार्ग वळवला होता. वळवल्याची सूचना ऑनलाइन आली होती, फोनवर गाडी कुठे आहे तेही दिसत होतं, पण थांब्यावर मात्र चिठ्ठीसुद्धा नव्हती. पाटीवर बसचा नंबर तसाच होता. मावशी रोज वीस-पंचवीस मिनिटं उभ्या राहायच्या, मग शेअर रिक्षा करायच्या, आणि शेजारी फोन हातात घेतलेली मुलगी थांब्यावर न थांबता सरळ पुढच्या चौकात चालत जायची. दोघी एकाच बसच्या प्रवासी. मावशींना तिकीट काढायला काही अडचण नव्हती, कंडक्टर रोख घेतोच. त्यांच्यापर्यंत माहिती पोचत नव्हती, आणि ते कुठल्या आकडेवारीत दिसत नाही कारण त्या बसमध्ये चढल्याच नाहीत.

हे नवीन नाही म्हणा. १५ ऑगस्ट २०२१ आठवा, कोविड लसीचे दोन डोस होऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकल उघडली. स्टेशनांवर मदत कक्ष लावले होते, कागद दाखवून शिक्का मारून मिळत होता, म्हणजे बिनफोनवाल्यांचा विचार झाला होता आणि ते चांगलंच झालं. पण सर्टिफिकेट कोविन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवरून काढायचं, आणि कोविनवर एका नंबरावर चार जणांची नोंदणी व्हायची, त्यामुळे कित्येक बायकांचं सर्टिफिकेट ज्यांच्या घरी काम करतात त्या मॅडमच्या नाहीतर वस्तीतल्या कार्यकर्त्याच्या नंबरावर होतं. तो माणूस भेटेपर्यंत कागद नाही. वर सुरुवातीला सुटं तिकीट मिळायचं नाही, महिन्याचा पासच काढावा लागायचा, आणि नाक्यावर रोजच्या रोज काम शोधणाऱ्याला महिन्याचे पैसे एकदम कुठून आणायचे. मला त्यातून कळलं ते एवढं, की खिडकी उघडी ठेवली म्हणजे काम झालं असं नाही. खिडकीपर्यंत पोचायच्या आधीची प्रत्येक पायरी बिनफोनची आहे का ते बघावं लागतं.

आता तुमच्या वर्गाकडे येते. अ‍ॅप शिकवू नका म्हणते त्यामागे अजून एक साधं कारण आहे, अ‍ॅपं बदलतात. लोकलसाठी यूटीएस होतं, १ जुलै २०२५ ला रेलवन आलं. बसला चलो, भुयारी मेट्रोचं वेगळं, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई वन आलं, त्यात ११ वाहतूक संस्था एकत्र आहेत, लोकल, बेस्ट, सगळ्या मेट्रो, ठाणे नवी मुंबईच्या बसपर्यंत. एकत्र केलं हे मनापासून चांगलं वाटतं मला, पण ज्या बाईने सहा महिने घालवून एका अ‍ॅपमधलं कुठलं बटण कुठे आहे ते चित्रासारखं पाठ केलंय तिला नवीन अ‍ॅप म्हणजे परत पहिलीत बसणं. तिने बटणाची जागा पाठ केलेली असते, त्यावर काय लिहिलंय ते नाही.

म्हणून माझा क्रम उलटा आहे. आधी फोन न लागणारी वाट, मग दुसऱ्याच्या फोनवरून होणारी वाट, आणि स्वतःच्या फोनवरची सगळ्यात शेवटी.

फोन न लागणारी वाट म्हणजे लोकलला पास. रोज जाणाऱ्या बाईला अजूनही सगळ्यात सोपं आणि स्वस्त तेच आहे, महिन्यातून नाहीतर तीन महिन्यांतून एकदा रांग, मग कटकट संपली. दहा-बारा दिवस जाऊन-येऊन केलं तरी बहुतेक वसूल होतो. तरी कित्येक जणी रोज तिकीट काढतात कारण पैसे एकरकमी नसतात, तिथे बचत गटातून पासाचे पैसे उचलायची सोय करता आली तर बघा, दोन तासांच्या अ‍ॅपवर्गापेक्षा त्याचा फायदा जास्त होतो हे मी ठिकठिकाणी बघितलंय. पास नको असेल तर एटीव्हीएम, म्हणजे स्टेशनवरचं तिकीट छापून देणारं मशीन आहे, तिथे बहुतेक स्टेशनांवर रेल्वेतून रिटायर झालेले मदतनीस उभे असतात, रोख घेतात, तिकीट काढून देतात, त्यावर त्यांना कमिशन मिळतं. खूप बायका त्यांच्याकडे जातच नाहीत कारण त्यांना वाटतं ती मशीन फक्त कार्डवाल्यांची. स्टेशनाबाहेर जनसाधारण तिकीटवाल्यांची दुकानं असतात, रुपया-दोन रुपये वर घेतात पण रांग वाचते. हे सगळं बायकांना हॉलमध्ये बसवून सांगू नका, गोवंडी स्टेशनवर घेऊन जा आणि दाखवा.

बस आणि मेट्रोला कार्ड. एनसीएमसी म्हणजे ते एक कार्ड अनेक ठिकाणी चालणारं, लोकलला मात्र चालत नाही हे आधीच सांगा नाहीतर स्टेशनवर गोंधळ होतो. कार्ड मला अ‍ॅपपेक्षा कितीतरी जास्त आवडतं कारण त्याला बॅटरी नाही, नेट नाही, वाचायचं नाही, टेकवलं की झालं. पण घेताना बहुतेक ठिकाणी मोबाइल नंबर आणि ओटीपी लागतो, तिथे पुन्हा मुलाच्या नंबरचा प्रश्न येतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये केवायसीशिवायच्या, म्हणजे ओळखीचे कागद न तपासता मिळणाऱ्या, प्रवासी कार्डांना परवानगी दिलीय, ३,००० रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते, तर तुमच्या डेपोत आणि मेट्रोच्या खिडकीवर जाऊन नेमकं विचारून या की आज कुठलं कार्ड मिळतं, त्याला ओटीपी लागतो का, आणि रोख घेऊन रिचार्ज कोण करतं. या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "ऑनलाइन करा" असं आलं तर ते कार्ड तुमच्या बायकांच्या कामाचं नाही.

का ते सांगते. मेट्रोच्या गेटवर बघितलेली गोष्ट आहे. मुलाने कामावरून आईच्या कार्डात २०० रुपये भरले, आईला फोन करून सांगितलं भरले म्हणून, आईने गेटवर कार्ड टेकवलं, लाल दिवा. परत टेकवलं, परत लाल. मागे ऑफिसची गर्दी, लोक बाजूला व्हा बाजूला व्हा करतायत, ती कार्ड पदराला पुसतेय आणि पुन्हा टेकवतेय. झालं होतं असं की ऑनलाइन भरलेले पैसे आधी बँकेच्या बाजूला जमा होतात, कार्डाच्या चिपमध्ये आपोआप उतरत नाहीत. खिडकीवर नाहीतर मशीनवर कार्ड ठेवून एकदा बॅलन्स अपडेट करावं लागतं, मगच गेट उघडतं. दोन मिनिटांचं काम, पण हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, मुलालाही माहीत नव्हतं. तुमच्या वर्गात ही एक गोष्ट जरी सांगितलीत ना, तरी कोणाची तरी सकाळ वाचेल.

मग दुसऱ्याच्या फोनवरची वाट. आपण कितीही म्हटलं तरी घरोघरी हेच चालतं, मुलगी तिकीट काढून देते. यात एक फरक नीट समजावून द्या. मेट्रोचं क्यूआर तिकीट मुलीने काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर आईच्या फोनवर दाखवून गेट उघडतं. लोकलचं पेपरलेस तिकीट तसं चालत नाही, ज्या फोनवर काढलं त्याच फोनवर अ‍ॅप उघडून टीसीला दाखवावं लागतं, स्क्रीनशॉट म्हणजे विनातिकीट, भाडं अधिक किमान २५० रुपये दंड. फोन बंद पडला तरी तेच. लोकलसाठी मुलीला मदत करायची असेल तर बुकिंग करताना कागदी प्रिंटचा पर्याय निवडायचा आणि आईने मशीनवर नाहीतर खिडकीवर नंबर सांगून छापून घ्यायचं. मात्र सगळं मुलांवर सोडू नका. मुलगा-मुलगी ही काही वाहतूक व्यवस्था नाही, त्यांची परीक्षा असते, शिफ्ट असते, भांडण असतं, आणि कुठे जाते केव्हा जाते हे दर वेळी घरात सांगूनच निघावं लागणं बाईला नको असतं. हे बायका चारचौघांत बोलत नाहीत, एकट्या असल्या की बोलतात.

आता उरल्या त्या, ज्यांचा स्वतःचा फोन आहे, खातं चालू आहे आणि शिकायचंय. अशा असतात, भरपूर असतात, आणि त्या फार भराभर शिकतात, तेव्हा बाईला जमणार नाही हे मनातून काढून टाका. त्यांना हॉलमध्ये नाही, थांब्यावर आणि स्टेशनाबाहेर शिकवा. त्यांचाच फोन, त्यांचेच दहा रुपये, खरं तिकीट, आणि तुम्ही फोनला हात लावायचा नाही, कितीही वेळ लागला तरी. आपण फोन हातात घेऊन "हे बघा असं" केलं की पाच सेकंदांत होतं आणि समोरचीला काहीच कळत नाही. लोकलच्या तिकिटाला जीपीएस चालू लागतं, आणि स्टेशनात शिरल्यावर किंवा रुळांच्या अगदी जवळ उभं राहून पेपरलेस तिकीट निघत नाही. नवशिक्या हमखास प्लॅटफॉर्मवर येऊन फोन काढतात आणि अडकतात, म्हणून जिना चढायच्या आधी तिकीट, ही सवय लावा. भुयारी मेट्रो सुरू झाल्यावर खाली स्टेशनात मोबाइलचं नेटवर्कच मिळत नव्हतं, लोकांना तिकिटासाठी वायफाय जोडायला सांगत होते, म्हणून तिथेही मी रस्त्यावरच तिकीट काढून खाली उतरा असं शिकवते. यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना टाकायचा, पैसे मिळवायला कधीच नाही, हे पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि प्रत्येक दिवशी सांगा. आणि पैसे कापले तिकीट आलं नाही तर काय करायचं, तो व्यवहाराचा नंबर कुठे दिसतो, तक्रार कुठे टाकायची, हे तिकीट काढायला शिकवायच्या आधी शिकवा. भीती जाते ती तिथे.

तर दोन तासांचं विचारलंत म्हणून, पहिला रविवार पूर्ण ऐकण्यात घालवा, दुसऱ्याला सगळ्यांना घेऊन स्टेशन आणि डेपो फिरा, आणि तिसऱ्यापासून फोनवाल्यांचे तिघी-चौघींचे छोटे गट करा.

याच्या पुढचं काम तुम्ही विचारलेलं नाहीत पण ते सोडलं तर बाकीचं फार पुरत नाही. बायकांना शिकवून झाल्यावरही काही जणी कायम बिनफोनच्याच राहणार, आज सत्तरीतल्या मावशी आहेत, उद्या हात थरथरणारे कोणी असेल, परवा ज्याचा फोन लोकलमध्ये चोरीला गेला तो तुमच्या-माझ्यासारखा माणूस असेल. त्यांच्यासाठी रोख आणि माणूस राहिलाच पाहिजे आणि तोही त्याच भाड्यात. लोकलच्या आर-वॉलेटला, म्हणजे आधीच पैसे भरून ठेवायच्या रेल्वेच्या अ‍ॅपमधल्या पाकिटाला, कित्येक वर्षं भरलेल्या रकमेवर ३ टक्के बोनस मिळत आलाय, खिडकीवर रोख देणारीला काही नाही. रक्कम छोटी आहे पण सूट नेमकी ज्याला कमी गरज त्याला, हे मला पटत नाही आणि मी ते प्रत्येक बैठकीत बोलते. लंडनमध्ये ६ जुलै २०१४ पासून बसमध्ये रोख घेत नाहीत, त्याचं उदाहरण आपल्याकडे नेहमी दिलं जातं, पण तिथे ऑयस्टर कार्ड कोपऱ्यावरच्या दुकानात रोख देऊन भरता येतं ही दुसरी बाजू कोणी सांगत नाही. ड्रायव्हरकडून रोख काढून घेतली ती दुकानात ठेवली. आपल्याकडे कंडक्टर काढून गाड्या चालवायच्या असतील तर किराणावाल्याकडे, दूध केंद्रावर कार्ड भरायची सोय आधी करा, एवढं तरी मागता येतं.

मागायचं कसं, तर भाषण नको, कागद हवा. बस वळवली आणि थांब्यावर सूचना नाही असं आढळलं की थांब्याचं नाव, बस नंबर, तारीख, वेळ, पाटीचा फोटो, आणि तिथे उभ्या असलेल्या बायकांच्या सह्या नाहीतर अंगठे, असा एका पानाचा अर्ज डेपो मॅनेजरच्या हातात द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. "बससेवा सुधारावी" असल्या अर्जाचं काही होत नाही, "या थांब्यावर ही चिठ्ठी लावा" याचं बऱ्याचदा होतं. तिकीट खिडक्यांचं म्हणाल तर रेल्वेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, फी १० रुपये. भाषा साधी ठेवा: गोवंडी स्टेशनवर एकूण तिकीट खिडक्या किती, मागच्या सहा महिन्यांत प्रत्येक शिफ्टमध्ये प्रत्यक्ष किती उघड्या होत्या, एटीव्हीएम किती, त्या प्रत्येकी किती दिवस बंद होत्या, मदतनीस किती नेमले. मत विचारू नका, कारण विचारू नका, फक्त नोंदी मागा, म्हणजे नाकारायला जागा राहत नाही. अर्ज आईच्या नावाने करा, तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील, त्याला फी नाही. उत्तर हातात आलं की आकडे इथे टाका, पुढचं पत्र कोणाला आणि कसं लिहायचं ते मी सांगते.